दुपारी बंद पडणारी पिकअप : एका जुन्या गाडीचा ईसीएम बदलताना

"मिस्त्री, सकाळी गाडी चाबूक आहे. दुपारी मरते," ड्रायव्हर मामांनी एवढंच सांगितलं आणि चावी टेबलावर ठेवली.

पिकअप २०१२ सालची, एमएच-१३ पासिंग, चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन (एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरांना दाबाखालचं डिझेल देणारं), मीटरवर ३ लाख ४० हजार किलोमीटर. अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल आणि चादरींचे गठ्ठे भरायचे, संध्याकाळी निघून पहाटे हैदराबादला उतरवायचे आणि मिळेल तो माल घेऊन दिवसाउजेडी परत फिरायचं, हा तिचा नेम. जाताना कधी तक्रार नाही. येताना मात्र उमरगा सोडलं की गाडी ओढ सोडायची, चेक लाइट लागायचा आणि नळदुर्गच्या आसपास इंजिन बंद. पाऊण तास सावलीत उभी केली की पुन्हा एका सेल्फला चालू. एप्रिल संपता संपता हे आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं, तेव्हा मालक स्वतः मामांबरोबर आले.

ते दुरुस्तीला आलेच नव्हते. ईसीएमचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा, भाव विचारायला आले होते. माझ्याआधी दोन ठिकाणी गाडी दाखवून झाली होती. पहिल्या ठिकाणी डिझेल फिल्टर, क्रँक सेन्सर आणि रेल प्रेशर सेन्सर बदलले. दुसऱ्या ठिकाणी पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह बदलला, आणि तरीही गाडी थांबली तेव्हा एका उभ्या गाडीचा ईसीएम काढून हिला लावून पाहिला. सेल्फ फिरला, इंजिन पकडलं नाही. "हाही खराब दिसतोय, दुसरा बघू," असं तिथं सांगण्यात आलं. एव्हाना १८ हजार गेले होते.

"अण्णा, तो दुसरा ईसीएम खराब नव्हता," मी मालकांना म्हटलं. "त्याला तुमची चावी ओळखता येत नव्हती. दुसऱ्याच्या घरचं कुलूप आणून आपल्या दाराला लावलं, आता आपली किल्ली त्याला कशी चालेल?"

इमोबिलायझर असलेल्या गाडीत चावीतली चिप, चावीभोवतालची रिंग आणि ईसीएम यांची एकमेकांशी ओळख करून दिलेली असते. ती जुळली नाही तर ईसीएम सेल्फ फिरू देतो, डिझेल सोडत नाही. "लावून बघू" ही पद्धत रिलेला चालते, हॉर्नला चालते, ईसीएमला चालत नाही. तिच्यामुळं चांगला ईसीएम खराब ठरतो, आणि उलटंही होतं.

इथं सोलापूरची एक गोष्ट सांगायला हवी. २०१० साली देशातल्या तेरा शहरांत बीएस-४ हा गाड्यांच्या धुराचा नियम लागू झाला, त्या यादीत मुंबई-पुण्याच्या जोडीला सोलापूरचंही नाव होतं. सगळ्या देशात तो नियम १ एप्रिल २०१७ ला आला. म्हणजे कॉमन रेल, ईसीएम आणि सेन्सरवाल्या गाड्या आमच्या दारात बऱ्याच शहरांच्या आधी आल्या. त्यातल्या पहिल्या गाड्या आज बारा-पंधरा वर्षांच्या आहेत. इंजिन अजून दमदार, चेसिस धड, पण ईसीएमनं बोनेटखाली बारा-पंधरा सोलापुरी उन्हाळे काढलेत. अशी गाडी दारात आली की ईसीएम गेला म्हणून मोकळं होणं सोपं असतं. माझा अनुभव असा की दहातल्या बहुतेक वेळी ईसीएम निर्दोष निघतो. म्हणून मी त्याला संशयितांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभा करतो.

पहिल्या दिवशी सकाळी साडेआठला कामाला लागलो. बॅटरी १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १०.४, इंजिन चालू असताना चार्जिंग १४.१. स्कॅनरवर दोन कोड साठलेले होते. पी०६४१, म्हणजे सेन्सरांना जाणाऱ्या ५ व्होल्टच्या एका लाइनमध्ये गडबड, आणि पी२१३८, म्हणजे अॅक्सिलरेटर पेडलच्या दोन ट्रॅकचा मेळ बसत नाही. आधीच्या दोन्ही ठिकाणी हे कोड दिसले असणारच. पण पेडलचा कोड दिसला की नजर पेडलकडं जाते आणि शेजारचा कोड तसाच राहून जातो.

मग ईसीएमचा कपलर काढून सप्लाय आणि अर्थ तपासले. हे काम नुसत्या मल्टीमीटरनं करू नये. वायरीचे वीस तार तुटून एकच शिल्लक असला तरी मल्टीमीटर बारा व्होल्टच दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. मी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावतो. मेन रिलेचे पाय जोडून कपलरच्या प्रत्येक सप्लाय पिनेवर बल्ब पेटवायचा, मग बॅटरीच्या प्लसकडून प्रत्येक अर्थ पिनेवर. बल्ब पांढरा लख्ख पेटला तर वायर खरी. इथं सगळ्या पिना लख्ख होत्या.

अकरापर्यंत गाडीत काहीही सापडलं नाही. तासभर आयडलवर ठेवली, रेस केली, वायरिंग हलवून पाहिलं. मालक एकदा फोन करून गेले, "सापडलं का?" मी म्हटलं, "अण्णा, दोष दुपारचा आहे, दुपारची वाट बघावी लागेल." गॅरेजमधल्या पोराला हे पटलं नव्हतं. दुसऱ्या गाड्या रांगेत होत्या. पण जो दोष गरम झाल्यावर येतो तो थंड गाडीत शोधणं म्हणजे दिवस वाया घालवणं आहे, आणि गिऱ्हाइकाच्या पैशानं वाया घालवणं आहे.

साडेबाराला गाडी बाहेर उन्हात काढली, बोनेट बंद, इंजिन चालू. त्या आठवड्यात पारा ४२-४३ च्या आसपास होता. स्कॅनरवर चार आकडे एकत्र लावले : रेल प्रेशर, पेडलचा पहिला ट्रॅक, दुसरा ट्रॅक आणि क्रँकचा आरपीएम. दोन वाजून दहा मिनिटांनी रेल प्रेशरचा आकडा खाली यायला लागला. मी पेडलला हात लावलेला नव्हता, तरी पेडलचा पहिला ट्रॅकही त्याच वेळी हलला. दुसरा ट्रॅक जागच्या जागी. क्रँकचा सिग्नल शेवटपर्यंत स्वच्छ. अर्ध्या मिनिटात चेक लाइट, आणि इंजिन बंद.

रेल सेन्सर इंजिनच्या डोक्यावर, पेडल मामांच्या पायाखाली. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघांनी एकाच सेकंदाला खोटा आकडा दिला, तर दोघंही खोटारडे नाहीत, त्या दोघांना मिळून पोसणारं जे काही आहे ते बिघडलंय. ते म्हणजे ५ व्होल्टची ती लाइन. ती खाली आली की सेन्सरचा आकडा तिच्याबरोबर खाली येतो. रेलमध्ये प्रेशर भरपूर असतं, पण ईसीएमला ते कमी दिसतं, आणि तो इंजिन बंद करतो. आधी बदललेला रेल सेन्सर, क्रँक सेन्सर आणि मीटरिंग व्हॉल्व्ह, तिन्हीही चांगलेच होते. जुने काढलेलेही चांगलेच असणार.

आता प्रश्न असा की ५ व्होल्ट खाली ओढतंय कोण? या लाइनवर लटकलेला कुठलाही सेन्सर आत शॉर्ट झाला तरी लाइन बसते. वायर कुठं घासून चेसिसला लागली तरी बसते. आणि ईसीएममधला सप्लाय कमजोर झाला तरी बसते. तिघांत फरक केल्याशिवाय ईसीएमचं नाव घेणं म्हणजे निव्वळ अंदाज.

रेल सेन्सरच्या कपलरमध्ये मागून सुई घालून मल्टीमीटर लावला. गाडी थंड होऊन पुन्हा चालू झाली तेव्हा ५.०२. वीस मिनिटांनी ४.७. मग ४.३. तेवढ्यात त्या लाइनवरचे सेन्सर एकेक करून काढले : आधी बूस्ट सेन्सर, मग पेडल, मग रेल. इंजिन अर्थातच बंद पडलं, पण चावी ऑन ठेवलेली होती. ओझं सगळं उतरलं तरी आकडा वर आला नाही, ३.९ वर रेंगाळत राहिला. म्हणजे सेन्सर सुटले. मग ईसीएमचा कपलर काढून त्या एका वायरीचा रेझिस्टन्स चेसिसशी आणि बॅटरीच्या प्लसशी मोजला, पोराला हार्नेस बोनेटपासून फायरवॉलपर्यंत हलवायला लावला. ओपन, म्हणजे कुठंच लागलेली नाही. दोन्हीकडं ओपन, शेवटपर्यंत ओपन. वायरही सुटली.

राहिला ईसीएम. तरी मला आणखी एक खात्री हवी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन रात्रभर थंड पडलेलं असताना, फक्त ईसीएमच्या डब्यावर घरचा हेअर ड्रायर धरला. बाकी सगळं इंजिन गार. हात लावला तर चटका बसेल इतपतच डबा तापवला, त्याहून जास्त नाही. बारा मिनिटांत ५ व्होल्ट ४.२ वर आले. मग पोराला समोरच्या रसवंतीवर पाठवलं. त्यानं बर्फ आणला, जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गाठ मारून बांधला, आणि पिशवी डब्यावर ठेवली. आम्ही दोघं आकड्याकडं बघत उभे. ४.२, ४.४, ४.६, ४.९. सहा मिनिटांत ५.०१. मामांना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा तापवला, पुन्हा गार केला. ते बराच वेळ त्या पिशवीकडं बघत होते. "म्हंजे इंजिनाला काही झालंच नाही," ते म्हणाले. तीन महिने ते याच इंजिनाला शिव्या घालत होते.

तर ईसीएम खरोखरच गेलेला होता. पण असा निकाल लागला की माझं डोकं दुसरीकडं जातं. हा गेला कशानं? ते शोधल्याशिवाय नवा लावला तर नवाही त्याच वाटेनं जाईल, आणि तेव्हा मालकाला तोंड कसं दाखवायचं?

वाकून गाडीखाली गेलो. मागची बॉडी नवी दिसत होती, फाळके, क्रॉस मेंबर सगळं ताजं. मालकांना विचारलं तर दीड वर्षापूर्वी बॉडी करून घेतलेली. "वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढली होती का?" त्यांना माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं, ते तिथं बसून होते. काढली नव्हती. आर्क वेल्डिंग करताना बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि ईसीएमचे कपलर काढायचे, आणि वेल्डिंगची अर्थ क्लॅम्प जिथं टाका मारायचा तिथंच जवळ लावायची, हे प्रत्येक बॉडीवाल्याच्या भिंतीवर रंगवून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे. क्लॅम्प लांब असली तर वेल्डिंगचा करंट चेसिसमधून, अर्थमधून, मिळेल त्या वाटेनं परत जातो, आणि ईसीएमच्या बारीक अर्थ वायरी त्या वाटेत येतात.

दुसरी गोष्ट इंजिनच्या अर्थ पट्टीची. इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या मायनसमध्ये मल्टीमीटर ठेवून सेल्फ मारला. ०.९ व्होल्ट. हा आकडा ०.२ च्या आत हवा. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, तेवढा करंट परत जायला जाड पट्टी असते. ती अडली की तोच करंट सेन्सरांच्या आणि शील्डच्या अर्थमधून परतीची वाट धरतो. ईसीएमच्या स्वतःच्या अर्थ पिना मी आदल्या दिवशी बल्बनं तपासल्या होत्या, त्या चांगल्याच होत्या. हा दोष त्या तपासणीत दिसणारच नव्हता, कारण तो इंजिनच्या बाजूला होता.

पट्टीचा नट काळा पडलेला, पण घट्ट. तेरा नंबरच्या पान्यानं तो खोलला. पट्टीच्या टोकाचा लग उचलला तर खाली चेसिसचा पत्रा नव्हता, रंग होता. चॉकलेटी, चकचकीत, बॉडीवाल्यानं मारलेला, नव्या बॉडीच्या रंगाचाच. लगाच्या एका कडेला नखाएवढा भाग खरवडला गेला होता, तिथून जेमतेम करंट जात असणार, आणि त्या जागी पत्रा निळसर भाजलेला. बाकी सगळ्या लगाखाली रंग अखंड. दीड वर्ष ही गाडी प्रत्येक सेल्फला त्या नखाएवढ्या जागेवरून चालू होत होती. पॉलिश पेपरनं पत्रा लख्ख केला, लग दोन्ही बाजूंनी घासला, दातेरी वॉशर टाकला, नट आवळून वरून ग्रीस. पट्टीही नवी घातली. आकडा ०.०८.

अर्थ पट्टी आणि वेल्डिंग, या दोघांत जास्त दोष कुणाचा याचा मी फार कीस काढत बसलो नाही. दोन्ही बंद करणं माझ्या हातात होतं.

आता ईसीएम आणायचा कुठून. तीन वाटा होत्या. नवा घ्यायचा, जुना दुरुस्त करायचा, किंवा वापरलेला आणून त्यात आपला डेटा टाकायचा. नव्याचा भाव मालकांनी आणला तो ४६ हजार, वरून कोडिंग, आणि यायला तीन आठवडे. नवा घेणं हे नेहमी सगळ्यात स्वच्छ काम आहे, गाडी पाच-सात वर्षांची असती तर मी तेच म्हटलं असतं. दुरुस्तीचं मला या गाडीत पटलं नाही. गरम झाल्यावर येणारा दोष बोर्डावर एका जागी असतोच असं नाही. एक टाका नीट केला की शेजारचा सहा महिन्यांनी सुटतो. गाडी परत नळदुर्गला उभी राहायची आणि मी इकडं.

वापरलेल्याची वाट खुली होती ती एकाच कारणानं, आणि हे कारण मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपला जुना ईसीएम अजून जिवंत होता. गरम झाल्यावर सेन्सरांचे ५ व्होल्ट सोडत होता, पण त्याचा प्रोसेसर चालत होता, त्याची मेमरी वाचता येत होती. चावीची ओळख, इंजेक्टरचे कोड, चेसिस नंबर हे सगळं त्यातच होतं. हा ईसीएम आणखी एक उन्हाळा चालवून पूर्ण बंद पडला असता, तर चाव्या नव्यानं जोडण्यापासून सुरुवात, आणि खर्च दुप्पट. दोष ईसीएमचा आहे असं नक्की झालं की त्याच दिवशी त्याचा डेटा काढून ठेवावा. बदलायचा नंतर ठरवा, पुढच्या महिन्यात ठरवा, पण वाचून आज ठेवा. मी मालकांना ईसीएम कुठला घ्यायचा हे विचारायच्याही आधी डेटा काढायची परवानगी मागितली.

सकाळी सात वाजता, उन्हाच्या आधी, ईसीएम काढून गॅरेजच्या शहाबादी फरशीवर उलटा ठेवला, म्हणजे अॅल्युमिनियमचा डबा गार राहतो. सप्लाय बॅटरीवरून नाही, स्थिर १३.५ व्होल्टच्या सप्लायवरून, आणि तो इन्व्हर्टरवर. वाचताना वीज गेली तर पुन्हा वाचता येतं. लिहिताना गेली तर ईसीएमची वीट होते, म्हणजे तो चालतच नाही. या ईसीएममध्ये दोन जागा वाचायच्या होत्या : फ्लॅश, ज्यात इंजिन चालवायचा प्रोग्रॅम आणि सगळे नकाशे (कधी किती डिझेल सोडायचं याचे तक्ते) असतात, आणि ईईप्रॉम नावाची छोटी चिप, ज्यात या एका गाडीची ओळख असते. दोन्ही दोनदा वाचले आणि फाइली एकमेकींशी ताडून पाहिल्या. एका बाइटचाही फरक नव्हता. असा आजारी ईसीएम एखाद्या वेळी वाचताना चूक करू शकतो, म्हणून एकदा वाचून विश्वास ठेवायचा नाही. दोन पेनड्राइव्हवर प्रत काढली, एक मालकांना दिली.

वापरलेला ईसीएम पुण्याहून मागवला. स्टिकरवरचा हार्डवेअर नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत तोच हवा. सॉफ्टवेअर आपण आपलंच टाकणार, त्यामुळं ते वेगळं असलं तरी अडत नाही. फोटो मागवून मी तीन गोष्टी पाहिल्या : डब्याची सील कधी उघडलेली नाही ना, कपलरच्या पिना सरळ आणि पिवळ्याधमक आहेत ना, आणि पिनांच्या मुळाशी तेलाचा ओलावा नाही ना. गळक्या सेन्सरमधून तेल वायरीच्या आतून चढत चढत ईसीएमपर्यंत येतं, हे पाहिलेला माणूस तो ओलावा विसरत नाही. चौथी गोष्ट बिलाची. ज्या गाडीतून तो निघाला तिचा चेसिस नंबर बिलावर लिहून द्या, असं मी म्हटलं. एका विक्रेत्यानं नकार दिला, त्याच्याकडून घेतला नाही. दुसऱ्यानं लिहून दिलं, ११ हजारांत. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या हातानं दुसऱ्या गाडीत बसवणं मला जमणार नाही, भाव कितीही कमी असो.

डेटा लिहायला बसलो तेव्हा मामा म्हणाले, "मिस्त्री, उघडलाच आहे तर ईजीआर बंद करून टाका. थोडी ओढ पण वाढवा." ईजीआर म्हणजे प्रदूषण कमी करायला थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारी सोय. ती बंद करायचं प्रत्येक वेळी कुणी ना कुणी विचारतंच. मी नाही म्हटलं, आणि का तेही सांगितलं. आठ वर्षांवरच्या माल गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, पीयूसी वेगळी. शिवाय हे इंजिन साडेतीन लाखांच्या घरात आहे. त्याला जास्त डिझेल पाजून ओढ काढली तर आज ज्याचं कौतुक कराल तेच वर्षभरात हेड गॅस्केट मागेल. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

लिहून झालं, बसवलं, चावी लावली. चावीचा दिवा विझला, म्हणजे ओळख पटली, आणि दुसऱ्या फिरकीला इंजिन चालू. मालकांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, पण मला आयडलवर एक बारीक टकटक ऐकू येत होती. आधीही असावी, दुपारच्या मरणापुढं तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नसेल. ईसीएम कुठल्या सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त करून सांभाळतोय, ते आकडे स्कॅनरवर पाहिले. एक, दोन आणि चार शून्याच्या जवळपास, तीन नंबर मात्र अधिक २.८.

"हा इंजेक्टर बदलला होता का कधी?" मामा म्हणाले, "हो, मागच्या दिवाळीच्या आधी, एकच."

कॉमन रेलचा प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात तपासून त्याच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा कोड कोरतात. तो किती डिझेल सोडतो याचा तो दाखला असतो. इंजेक्टर बदलला की तो कोड ईसीएममध्ये लिहायचा असतो. मी इंजिन बंद केलं (चालू इंजिनावर इंजेक्टरच्या कपलरला हात लावू नये, ईसीएम तिथं ६५ ते ८० व्होल्ट सोडतो), डिझेलच्या फडक्यानं तीन नंबरचं डोकं पुसलं आणि टॉर्च तिरकी धरली. सात अक्षरं. काजळीत बुडालेली, पण तिरक्या उजेडात सावली धरत होती. ईसीएममध्ये जो कोड होता तो वेगळाच निघाला, जुन्या काढून टाकलेल्या इंजेक्टरचा. तेव्हापासून ईसीएम त्याला अंदाजानं सांभाळून घेत होता.

डेटा जसाच्या तसा उतरवला की त्यातल्या चुकाही जशाच्या तशा उतरतात, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. आता मी उतरवलेल्या डेटातले चारही कोड इंजेक्टरांच्या डोक्यांशी ताडूनच गाडी सोडतो. खरा कोड लिहिला, इंजिन गरम झालं, आकडा ०.६ वर आला. टकटक गेली.

चाचणी सकाळी घेतली असती तर काही अर्थ नव्हता. एक टन माल भरून, दुपारी दोन वाजता, तुळजापूरच्या घाटात नेली. मल्टीमीटरची वायर फायरवॉलमधून केबिनमध्ये आणलेली, मी शेजारी बसून आकडा बघतोय, मामा दुसऱ्या गिअरवर चढ चढवतायत. घाटाच्या तोंडाला ५.०२. वर पोचलो तेव्हा ५.०१. खाली उतरून, फिरवून पुन्हा वर. ५.०१. मामांनी तिथंच देवीच्या दिशेनं हात जोडले आणि गाडी वळवली.

खर्च सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांना तोच हवा असतो. ईसीएम ११ हजार, डेटा काढणं, लिहिणं आणि कोडिंग ५ हजार, अर्थ पट्टी आणि किरकोळ ६५०, मजुरी अडीच हजार. एकूण १९,१५०. आधी वाया गेलेल्या १८ हजारांच्या जवळपास तेवढेच.

जुना ईसीएम मालकांनी मला ठेवायला दिला. एका रविवारी तो उघडला. डब्याच्या कडेचा सिलिकॉन ब्लेडनं सोडवायलाच अर्धा तास गेला. आत वास आधी आला, भाजलेल्या बेकलाइटसारखा. बोर्डाच्या एका कोपऱ्यात, सप्लायच्या भागात, हिरवा रंग गेरूसारखा तपकिरी झालेला. भिंगाखाली एका पायाच्या टाक्याभोवती काळी बारीक कडी दिसली, अगदी नखावरच्या चंद्रकोरीएवढी नाजूक. गार असताना ती मिटलेली असते आणि जोड धरून राहते. तापला की उघडते. पोराला भिंग दिलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं मला विचारलं, नळदुर्गला गाडी थांबायची ती या एवढ्याशामुळं?

जूनमध्ये मालकांची दुसरी पिकअप आली, २०१४ ची. तिला काही झालेलं नव्हतं. तिची बॉडी त्याच ठिकाणी झाली होती म्हणून त्यांनी स्वतःहून आणली. अर्थ पट्टीचा नट खोलला. लगाखाली तोच चॉकलेटी रंग. तो खरवडला, पट्टी बसवली, आणि ईसीएम चांगला असतानाच त्याचा डेटा दोनदा वाचून पेनड्राइव्हवर ठेवला. लेबलवर गाडीचा नंबर मालकांनी आपल्या हातानं लिहिला.